काठाला काठ

बसमध्ये ठरलं होतं की आधी आत्या बोलणार, मग थोरला, आणि शेवटचा घाव अण्णांनी घालायचा. धाकटीच्या आईला काही काम दिलेलं नव्हतं. तिच्या मांडीवर डबा होता, तेवढं पुरे असं सगळ्यांनी धरलं होतं.

ठरवलं आत्यानं. ती अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आली त्याला एकतीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून या घरातली कुठलीही लढाई कोणी कुठून सुरू करायची हे तीच सांगत आली आहे. पहिला दगड स्वतः मारायचा आणि मग मागं बसून कोणाचा नेम चुकला ते बघायचं, यात तिला सगळ्यात जास्त सुख.

या वेळची लढाई तिच्या मते सोपी होती. धाकटी, अण्णांची लेक, चौतीस वर्षांची, लग्न करायचं नाही हे एकदाच सांगून मोकळी झालेली, तीन महिन्यांपूर्वी 'नुसतं बघून येते' म्हणून घरातून निघाली आणि या शहरात कवळ्या बनवणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत कामाला लागली. नोकरीतले पहिले तीन महिने परीक्षेचे होते, ते संपले. सोमवारी तिनं कायमची राहते म्हणून सही करायची होती. आज शनिवार. सहीच्या आत तिला गाठायचं आणि चारच्या बसनं घरी न्यायचं.

लोकांना सांगायचं कारण तयार होतं: पोरगी एकटी, शहर परकं, घरचा धंदा असताना दुसऱ्याची चाकरी कशाला. खरं कारण अण्णांच्या उजव्या हातात होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगठ्यातली जाणीव गेली. गरम-गार कळेना, मेण मऊ की कडक कळेना. कवळीचे दात आधी मेणात बसवतात, आणि तिथं केसाएवढा फरक अंगठ्याला कळावा लागतो. तेव्हापासून दुकानाच्या पुढच्या खोलीत अण्णा गिऱ्हाइकाच्या तोंडाचा ठसा घ्यायचे, गप्पा मारायचे, आणि मागच्या खोलीत धाकटी दात बसवायची. नाव दातवाल्या अण्णांचं, हात धाकटीचा. हे दोघांनाच ठाऊक आहे असं अण्णांना वाटत होतं. ती गेल्यापासून त्यांनी अकरा कवळ्या केल्या, त्यातल्या चार बसेनात. अजून चार झाल्या की गावभर बोभाटा. धाकटी परत आली नाही तर वडिलांनी घातलेलं साठ वर्षांचं दुकान बंद. एवढी साधी गोष्ट होती, आणि तिला वळसा घालायला चौघं तिकीट काढून निघाले होते.

पण शहर दिसायला लागलं आणि अण्णांची मान खिडकीतून आत येईना. ना धड मोठं, ना धड लहान असं शहर. एका दुकानात नुसती बटणं. दुसऱ्यात नुसते आरसे, आणि त्या आरशांत यांचीच बस तुकड्यातुकड्यानं जाताना दिसली. चौकात माणसं दिव्याकडं बघून थांबत होती, एकमेकांकडं नाही. एक म्हातारा बाकावर सफरचंद खात होता, सालासकट, पुढच्या दातांनी. अण्णांनी धंद्याच्या सवयीनं त्याच्या जबड्याकडं बघितलं. दात नकली होते. नकली दातांनी माणूस सफरचंदाला थेट चावा घेतो?

"मान आत घे," आत्या म्हणाली. "आपण जत्रेला नाही आलेलो."

धाकटीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. टेबलावर मेणाची वडी आणि अर्धा जबडा. आत्यानं चपला काढल्या आणि झडती सुरू केली. कपाट उघडलं, पांघरूण हुंगलं, नळ सोडला. पाणी धो धो आलं. तिनं तो बंद केला, जरा थांबली, परत सोडला.

"दिवसभर येतं?" चोर पकडल्यासारखं तिनं विचारलं.

येतं, धाकटी म्हणाली. समोर कोण राहतं? बस चालवणारी बाई. कोण चालवणारी? बस, आत्या. मग आत्या दोन वेळा काहीतरी कारण काढून दारात जाऊन आली. बाई काही दिसली नाही, नुसते तिचे बूट दिसले. परत आल्यावर म्हणाली की बूट चांगले दणकट आहेत. ही तक्रार होती की कौतुक ते कोणालाच कळलं नाही, तिलाही नसावं.

चहा झाला आणि आत्यानं पहिला दगड मारला. तो तिनं बापाच्या नावानं मारला, म्हणजे धाकटीच्या आजोबांच्या. गावात त्यांना थोरले दातवाले म्हणत. दात कोरून पोट भरत नाही असं म्हणणाऱ्यांना ते घरी बोलावून भरलेली कोठी दाखवायचे. आत्याचं म्हणणं, ज्या माणसानं पितळेच्या एका बिजागरीवर अख्ख्या गावाच्या तोंडात दात बसवले, त्याच्या नातीनं दुसऱ्याच्या टेबलावर नंबर लावून बसायचं? 'काठाला काठ' हा शब्द त्यांनी दिला, तो काय इथं विकायला?

काठाला काठ म्हणजे त्या घराची मुद्रा. वरच्या दाढेची बाहेरची कड आणि खालच्या दाढेची बाहेरची कड एका रेषेत. संदुकीचं झाकण कसं बसतं, तसं. गावात म्हणत, दातवाल्यांची कवळी मिटली की मधून सुरी जायची नाही. बाकीच्या कवळ्या करणाऱ्यांच्या दाढा वर-खाली, आत-बाहेर. हे घर त्यांना हसत आलेलं.

धाकटीनं ऐकून घेतलं. कपाच्या बुडाशी राहिलेली चहापूड बघत बसली. तिला जे बोलायचं ते ती बोलत नाहीये, एवढं अण्णांना दिसलं. मागच्या खोलीतही ती अशीच बसायची, एखादा दात मनासारखा लागत नसला की.

मग थोरल्याची पाळी. तो अण्णांचा मुलगा, दुकानात कवळ्या घासून चमकवायचं काम करणारा, मनातून त्या कामाला विटलेला. त्यानं सुरुवात जोरात केली. घर, माणसं, अण्णांचं वय, सगळं काढलं. पण बोलता बोलता त्याची गाडी घसरली. तसं बघितलं तर, तो म्हणाला, आजकाल मोठे दवाखाने बाहेरूनच कवळ्या मागवतात. तसं बघितलं तर ती इथं रमली असेल तर उगीच ओढून नेण्यात काय अर्थ. तसं बघितलं तर पुढची खोली रस्त्यावर आहे आणि तिथं मोबाईलचं दुकान...

आत्याची मान वळली.

"कुणाचं दुकान?"

पुढचा पाऊण तास धाकटीचा विषय निघालाच नाही. आत्या आणि थोरला एकमेकांवर तुटून पडले. सकाळी बसमध्ये जे एका बाकावर बसून डावपेच आखत होते, त्यांनी आता सात वर्षांपूर्वीच्या कपाटाच्या भांडणापर्यंत मागं जाऊन हिशेब काढले. धाकटीला घरी न्यायला आलेली आत्या आता ओरडत होती की तिला नेलं तर या चांडाळाच्या हाताखाली तिचं काय होईल. म्हणजे तिनं इथंच राहावं का, असं थोरल्यानं विचारलं. मी असं कधी म्हटलं, आत्या म्हणाली. घरोघरी हेच. माणसं मुद्द्यासाठी एकत्र येतात आणि जुन्या रागासाठी थांबतात.

धाकटी अण्णांजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, काम बघायला चला. दोन वाजेपर्यंत उघडं असतं."

शेवटचा घाव त्यांनी घालायचा होता. पण सकाळपासून सफरचंद खाणारा तो म्हातारा त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. ते उठले. चपला घालताना बघतात तर धाकटीची आई आधीच जिन्यात उभी, हातात डबा.

"तू कुठं?"

"मला कोणी काही काम दिलं नाही," ती म्हणाली. "म्हणून येते."

प्रयोगशाळा पाच मिनिटांवर होती, एका रंगाच्या दुकानाच्या वर. दार उघडलं आणि अण्णांच्या नाकात तापलेलं मेण शिरलं, मागून कवळीच्या हिरड्या करतात त्या गुलाबी पुडीचा झोंबणारा वास. परक्या गावात आपल्या घरचा वास यावा तसं झालं. बावीस टेबलं. प्रत्येकावर दिवा, प्रत्येकावर कोणाचा तरी जबडा. पोरी, म्हातारे, एक दाढीवाला. सगळे माना घालून. कोणी उठून नमस्कार केला नाही, कोणी कोण आलंय ते विचारलं नाही. गावात अण्णा कुठं गेले की खुर्ची पुसली जायची. इथं ती पुसली गेली नाही आणि त्यांना, नवल म्हणजे, बरं वाटलं. हवं तिथं वाकून बघता येत होतं.

त्यांनी वाकून वाकून बघितलं. प्लास्टर कशात कालवतात, मेण कशानं उतरवतात, दातांचे रंग किती. रंगाच्या पट्टीवर सोळा पांढरे होते. आपण साठ वर्षं तीन पांढऱ्यांवर गाव काढलं, ते म्हणाले. म्हणून गावात सगळे एकाच आईचे वाटतात, धाकटीची आई म्हणाली.

मग धाकटी त्यांना आपल्या टेबलाशी घेऊन गेली. तिथं एक यंत्र होतं.

घरी वरचा आणि खालचा प्लास्टरचा जबडा पितळेच्या बिजागरीवर बसवत. उघडायचा, मिटायचा. उघडायचा, मिटायचा. थोरल्या दातवाल्यांनी ती बिजागरी एका संदुकीची काढली होती, आणि हे ते अभिमानानं सांगत. इथल्या यंत्रात वरचा जबडा मागच्या दोन बारीक गोळ्यांवर तोललेला होता. अण्णांनी तो मिटला. उघडला. मग सहज बोट लागलं आणि तो डावीकडं सरकला.

त्यांनी हात मागं घेतला. मोडलं की काय असं वाटलं.

"सरकतो तो," धाकटी म्हणाली. "सरकवा."

त्यांनी सरकवला. डावीकडं, उजवीकडं, पुढं, परत मागं. प्लास्टरचे दात एकमेकांवरून फिरले. अण्णा हसायला लागले.

"अगं, हा रवंथ करतोय."

"माणूसही तसंच खातो, अण्णा."

त्यांनी स्वतःचा जबडा हलवून बघितला. तोंड मिटून, हनुवटीला हात लावून. चौसष्ट वर्षं हा जबडा तोंडात वागवला, हजारो लोकांचे जबडे हातात धरले, आणि तो आडवा चालतो हे बिजागरीनं कधी विचारात घेतलं नव्हतं, म्हणून त्यांनीही नाही. ते कितीतरी वेळ ते यंत्र चालवत राहिले. पोराच्या हाती खेळणं लागल्यासारखे. शेजारच्या टेबलावरची पोरगी एकदा बघून हसली आणि परत कामाला लागली.

मग त्यांची नजर दाढांकडं गेली. वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेर आल्या होत्या. फार नाही, दोन केसांएवढ्या.

"हे चुकलंय," ते म्हणाले. आवाजात वडील आले. "काठाला काठ कुठं आहे? एवढंही विसरलीस तीन महिन्यांत?"

धाकटीनं खणातून दुसरी कवळी काढली. अण्णांनी ती लांबूनच ओळखली. त्यांच्या घरची ठेवण, झाकणासारखी. इथं आल्यावरची माझी पहिली, ती म्हणाली. अशा आठ केल्या, आठही परत आल्या. तिनं ती यंत्रावर चढवली, आणि दाढांच्या बाहेरच्या बाजूला ओल्या कापसाची जाड पट्टी लावली, गाल असतो तिथं.

"चालवा आता."

अण्णांनी मिटलं. काठाला काठ, सुरी जायची नाही. त्यांनी मान वर करून धाकटीकडं बघितलं: बघ. मग हाताला नवी सवय लागली होती म्हणून जबडा डावीकडं सरकला आणि परत आला.

कापूस दाढांमध्ये गेला होता. दोन कडा कात्रीसारख्या जुळल्या होत्या आणि मधे कापूस.

त्यांनी तो काढला, नीट लावला, परत चालवलं. परत गेला. उजवीकडं लावून बघितलं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मग वरची कड दोन केस बाहेर असलेली कवळी चढवून बघितली. वरच्या दाढेनं कापूस बाहेर ढकलला आणि खालची सुखरूप निघून गेली.

"हे कापसाचं झालं," अण्णा म्हणाले. "माणसाचं वेगळं. आपल्याकडून साठ वर्षांत एक कवळी गाल चावते म्हणून परत आली नाही."

"आपण येऊ कुठं देत होतो?" धाकटी म्हणाली.

ते खरं होतं. गिऱ्हाईक महिन्यानं यायचं, गालाला हात लावून. थोरले दातवाले त्याला बसवून सांगायचे, नवे दात म्हणजे नवी सून; वर्षभर कुरबुर, मग घरची. गिऱ्हाईक हसत परत जायचं. अण्णाही तेच सांगत आले, त्याच चालीत, तिथंच थांबून. वर्षानं खरंच कोणी येत नसे. गालाला आतून घट्टा पडायचा, त्याला दुखायचं कमी व्हायचं, आणि दातवाल्यांना वाटायचं दात घरचे झाले. सुनेच्या बाबतीत जे करतात तेच त्यांनी दातांच्या बाबतीत केलं. कुरबुर थांबली म्हणजे दुखणं थांबलं, असं धरून चालले.

"लोक खुशीत आहेत," अण्णा म्हणाले. "विचार कोणालाही."

"मला विचारा," धाकटीची आई म्हणाली.

ती मागं स्टुलावर बसली होती. तिनं डबा बाजूला ठेवला, टेबलावरचा दिवा स्वतःकडं ओढला आणि बोटानं गाल बाहेर ताणला.

"बघा."

अण्णांनी ही कवळी चौदा वर्षांपूर्वी केली होती, हात धड असताना. आजवरचं सगळ्यात सुरेख काम. बसवली त्या दिवशी त्यांनी बायकोला आरसा दाखवला होता. त्यानंतर तिच्या तोंडात त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. आता बघितलं. गालाच्या आत, दाढा मिटतात त्या रेषेत, एक पांढरा वळ होता. करंगळीच्या नखाएवढा रुंद, कडक, टाचेच्या कातडीसारखा. त्याच्या कडेला एक ताजी लाल चीर. त्यांनी दुसरा गाल बघितला.

"कधीपासून?"

"पहिल्या जेवणापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारायचात, बसली ना नीट? बसली तर होतीच."

"चौदा वर्षं, अगं."

"तुमचा अंगठा गेला तेव्हा तुम्ही बोललात?" ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, मीठ आहे का विचारावं तसं. "दोन वर्षं चहाचा कप डाव्या हातानं उचलताय. मीही विचारलं नाही. आपल्या घरात नसतंच ते."

अण्णा खाली बसले. कुठं बसले ते बघितलंही नाही. शेजारच्या पोरीनं स्टूल सरकवलं म्हणून बरं.

धाकटीनं आईपुढं हात केला. आईनं भिंतीकडं तोंड करून खालची कवळी काढली, पदरानं पुसून लेकीच्या हातात दिली. धाकटीनं खालच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला निळ्या पेन्सिलीची रेघ ओढली आणि फिरत्या दगडावर ती रेघ घासून टाकली. डावीकडं, उजवीकडं, मग फडक्यानं चमकवली. अण्णांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं होतं. दोन मिनिटंही झाली नाहीत.

आईनं कवळी घातली, डबा उघडला आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला. डावीकडं चावला. मग जिभेनं तो उजवीकडं नेला. दुसरा टाकला. मग तिसरा.

"आवाज वेगळा येतो," ती शेवटी म्हणाली. आणि चौथा घेतला.

परत येताना अण्णांनी एकच विचारलं: हे कधी कळलं? तुला सही करायचीय ती यासाठी का? धाकटी म्हणाली की पहिल्या आठ परत आल्या तेव्हा तिला वाटलं इथल्या लोकांचे गालच नाजूक. मग तिनं परवानगी मागून रोज एक तास दवाखान्यात बसून माणसांच्या तोंडात बघितलं. दीड महिना. मागच्या खोलीत बसून तिनं किती कवळ्या केल्या असतील, पण त्या घालून माणूस जेवतो कसा हे तिनं कधी बघितलं नव्हतं. "मला अजून बघायचंय, अण्णा. किती माहीत नाही ते तर आत्ता कुठं कळायला लागलंय." आणि मग, जरा थांबून, "पण तुम्ही या म्हणालात तर येईन. दुकान माझंही आहे."

ती खरंच आली असती. ते त्यांना दिसलं. मागच्या खोलीत परत बसली असती, आणि वरच्या कडा गुपचूप दोन केस बाहेर काढल्या असत्या, आणि गावाला काही कळलं नसतं. नाव राहिलं असतं. जिना चढेपर्यंत अण्णांनी ही सोय मनातल्या मनात चारपाच वेळा उलटसुलट करून बघितली. सोय म्हणून तिच्यात खोट नव्हती.

खोलीत युद्ध थांबलं होतं. आत्या खाटेवर, थोरला खिडकीत. सांगितलंस का तिला, आत्यानं विचारलं. अण्णांनी सगळं सांगितलं. बिजागरी, कापूस, धाकटीच्या आईचा गाल. थोरला एकदम शहाणा झाला. म्हणाला, हे आपल्या पाच जणांत राहू दे. गावात कळलं तर साठ वर्षांतली सगळी गिऱ्हाइकं दारात येतील. झाकली मूठ आहे, ती झाकलेली बरी. आणि ज्या आत्याला तासापूर्वी तो चांडाळ वाटत होता, तिनं पटकन त्याचा हात धरला. बरोबर बोलतोय तो. बाबांचं नाव आहे. आता ते गेल्यावर त्यांच्यावर खापर फोडायचं?

"ताई," अण्णा म्हणाले, "तुझी कवळी बाबांनी केलेली. तोंड उघड बरं."

"मी नाही उघडणार."

"चावते का? नुसतं सांग."

आत्यानं चादरीची घडी घातली, मोडली, परत घातली.

"बापानं हातानं घडवून दिलेली वस्तू आहे," ती म्हणाली. "चावली म्हणून काय झालं? बापाची तक्रार करतात का कोणी?"

बोलून गेल्यावर तिलाच ऐकू आलं. ती उठली आणि नळापाशी गेली, पण सोडला नाही, नुसती उभी राहिली. तीस वर्षं ती भात कुस्करून खाते. घरात सगळ्यांना वाटायचं तिला तसाच आवडतो.

"घासायला दोन मिनिटं लागतात," धाकटी तिच्या पाठीला म्हणाली.

"मी गेल्यावर घासा," आत्या म्हणाली.

शेवटचा घाव अण्णांचा होता, तो त्यांनी घातला; पण ज्याच्यावर घालायचा ठरला होता त्याच्यावर पडला नाही. थोरल्याला म्हणाले, तू आठ दिवस इथं राहा. घासायचं काम तुला येतं. कुठं घासायचं ते बहिणीकडून शीक. आलास की गावातली एकेक कवळी बोलावून घ्यायची. नवीन काम दुकान घेणार नाही. सगळ्यांचं घासून झालं की पुढच्या खोलीत मोबाईल विक, नाहीतर पतंग विक. थोरल्यानं खिडकीतून खाली बघितलं. शहरात आठ दिवस, हे शिक्षा म्हणून घ्यावं की बक्षीस, ते त्याला ठरवता आलं नाही. तो बरं म्हणाला.

मग ते धाकटीकडं वळले. तिच्या टेबलावरचा अर्धा जबडा उचलून डाव्या हाताचा अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला आणि खाली ठेवला. "सोमवारी सही नीट कर," म्हणाले. "तुझं अक्षर घाण आहे."

धाकटीच्या आईनं खाटेखाली डबा सरकवला. मीही राहते, ती म्हणाली. वरची कवळीही नवीन करून घेते म्हणते. कोणी विचारलं नव्हतं. या वेळीही.

चारच्या बसला अण्णा आणि आत्या दोघंच. आत्यानं खिडकी घेतली. शहर मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. एकदा बस थांबली तेव्हा तिनं पुढं वाकून चालवणारं कोण आहे ते बघून घेतलं. बाप्या होता. तिचा हिरमोड झाल्यासारखा वाटला.

पुढच्या थांब्यावर गावातले भूगोलाचे मास्तर चढले, लेकीकडून परतत होते. सहा वर्षांपूर्वी अण्णांनी त्यांना वरची-खालची दोन्ही बसवली होती. समोरच्या बाकावर बसत मास्तर म्हणाले, काय दातवाले, धाकटीला आणायला गेला होतात म्हणे. नाही आली?

"नाही. ती तिथंच राहणार."

मास्तरांनी भुवया वर केल्या आणि काही तरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. अण्णांची नजर नको तिथं गेली. आत्यानं त्यांची बाही धरली. "गप्प बस," ती पुटपुटली. "उद्या गावभर होईल."

"मास्तर, एक विचारतो," अण्णा म्हणाले. "जेवताना गाल चावला जातो का?"

मास्तरांनी आधी मागं बघितलं, मग बाजूला. वर्गात झोपताना सापडलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा.

"जातो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण ते माझंच चुकतं. मी घाईघाईनं खातो. बायको रोज सांगते, सावकाश खा. जमतच नाही बघा."

बाही अजून आत्याच्या हातात होती. अण्णांनी ती सोडवून घेतली, उठले आणि मास्तरांशेजारी जाऊन बसले.

"तुमची घाई नाही," ते म्हणाले, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. "दाढा मी चुकीच्या बसवल्यात. तुमच्याच नाही, सगळ्यांच्या. बघू."

मास्तर त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भर बसमध्ये आ केला.